हर्नियाच्या ऑपरेशननंतर रोजची कामे परत कशी मिळवावीत

रुग्णालयातून घरी निघताना हातात पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा एक ओळ अधोरेखित केलेली असते: "जड वस्तू उचलू नये." किती जड, किती दिवस आणि त्यानंतर काय, याचा खुलासा त्या ओळीत नसतो. मग तो खुलासा भेटायला येणारी पाहुणेमंडळी करतात आणि तो सहसा "आता जन्मभर जपायचं" असा असतो. माझे जांघेतील हर्नियाचे, म्हणजे पोटाच्या भिंतीतील छिद्रातून आतला भाग बाहेर उतरतो त्याचे, ऑपरेशन झाले तेव्हा मलाही हेच सांगण्यात आले. मी ते दोन महिने निष्ठेने पाळले. हर्निया बरा झाला, पण पायांतली ताकद गेली आणि कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून भाजीची पिशवी घरी आणतानाही मध्येच टेकावे लागू लागले. ऑपरेशनने जे परत मिळवायचे होते ते धास्तीने गमावले, हे मला फार उशिरा कळले.

पुढील मार्गदर्शन प्रौढ व्यक्तींच्या जांघेतील, बेंबीच्या, तसेच पोटावरील जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून उतरलेल्या हर्नियासाठी आहे. आपल्या शल्यविशारदांनी यापेक्षा वेगळे काही सांगितले असल्यास त्यांचेच ऐकावे, कारण पोटाच्या भिंतीतील छिद्र केवढे होते आणि ते कसे बुजवले हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते.

घरी निघण्यापूर्वी

आपले ऑपरेशन नेमके कोणते झाले हे कळल्याशिवाय पुढचे कोणतेही पथ्य ठरवता येत नाही. म्हणून चार गोष्टी विचारून त्या कार्डाच्या मागे लिहून घ्याव्यात: हर्निया कुठे होता, छिद्र किती सेंटिमीटरचे होते, ऑपरेशन चिरा देऊन झाले की दुर्बिणीतून, आणि छिद्रावर आधारासाठी जाळी बसवली असल्यास ती कशाने पक्की केली. बेंबीजवळच्या दोन सेंटिमीटरच्या छिद्राचा रुग्ण आणि जुन्या व्रणातून दहा सेंटिमीटर रुंदीचा हर्निया उतरलेला रुग्ण एकाच वॉर्डात शेजारी शेजारी असतात आणि गप्पांच्या ओघात एकमेकांची पथ्ये उचलतात. पहिल्याला दोन आठवड्यांत मोकळे होता येते, तर दुसऱ्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

जाळीविषयी अनेकांच्या मनात विनाकारण भीती असते. ती बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याची विणलेली असते, तिच्यात धातू नसतो, आणि काही आठवड्यांत शरीराचे तंतू तिच्या छिद्रांतून वाढून ती भिंतीशी एकजीव होते. व्रणातील हर्नियाबाबत नेदरलँड्समध्ये झालेली एक तुलना २००० साली प्रसिद्ध झाली; तीन वर्षांत हर्निया पुन्हा उतरण्याचे प्रमाण नुसते टाके घातलेल्या रुग्णांत ४३ टक्के, तर जाळी बसवलेल्यांत २४ टक्के आढळले. दुसरीकडे, जांघेच्या हर्नियासाठी पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी रुग्णाच्याच स्नायूवरील पडद्याची पट्टी वापरून जाळीविना दुरुस्ती करण्याची पद्धत मांडली आहे, त्यामुळे जाळी घातली नाही म्हणजे ऑपरेशन अर्धवट राहिले, असेही समजू नये. जाळी पक्की करण्यासाठी धातूच्या बारीक पिना वापरल्या असतील तर तेवढी नोंद जपून ठेवावी. पुढे कधी एमआरआय काढावा लागल्यास ती तंत्रज्ञाला दाखवता येते.

वहीचे एक पान

अमेरिकेतील शार्लट शहरातील कॅरोलायनाज मेडिकल सेंटरच्या डॉक्टरांनी २००८ साली जाळी बसवलेल्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत आठ साध्या क्रिया आहेत: आडवे पडणे, वाकणे, उठून बसणे, रोजची कामे करणे, खोकणे किंवा खोल श्वास घेणे, चालणे, जिना चढणे आणि व्यायाम करणे. त्या त्या वेळी जाळी जाणवते का, दुखते का आणि हालचाल अडते का, याला शून्य ते पाच गुण द्यायचे असतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि पाच म्हणजे ते काम करताच येत नाही. मला ही कल्पना फार उपयोगाची वाटते, कारण "कसं वाटतंय?" या प्रश्नाला आपण सगळे "बरं आहे" असे उत्तर देऊन मोकळे होतो आणि डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

या आठ क्रिया वहीच्या एका पानावर उतरवाव्यात आणि त्यांच्याखाली आपल्या कामाच्या दोन-तीन क्रिया जोडाव्यात. हुपरीच्या चांदी कारागिराला तासन् तास मांडी घालून बसावे लागते, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला पाळीभर उभे राहावे लागते, म्हशीची धार काढणाऱ्याला उकिडवे बसून पुन्हा उठावे लागते, तर घरातील बाईला परातीपुढे वाकून भाकऱ्या थापाव्या लागतात. या क्रिया परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाहीत. ऑपरेशनच्या आधीच एकदा गुण लिहून ठेवले तर उत्तम, कारण हर्निया उतरत असतानाचा त्रास माणूस चटकन विसरतो आणि नंतरच्या किरकोळ ओढीलाही मोठे समजतो. त्यानंतर सहा आठवडे दर रविवारी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा गुण लिहावेत. एखाद्या आठवड्यात गुण थोडे वाढले तर घाबरू नये. सलग दोन-तीन आठवडे वाढत राहिले तर मात्र दाखवावे.

पहिला आठवडा

पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त दुखते ते अंथरुणातून उठताना. सरळ उठून बसण्याचा प्रयत्न केला की पोटाचे स्नायू एकदम आकसतात आणि टाक्यांवर ताण येतो. त्याऐवजी गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर यावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी हाताच्या कोपराने व तळव्याने रेटा देत बसते व्हावे. झोपताना हाच क्रम उलटा करावा. जमिनीवर अंथरूण घालण्याची सवय असेल तर निदान दोन आठवडे खाट घ्यावी. खोकला, शिंक किंवा हसू येणार असे वाटताच उशी अथवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावा. दुखेल म्हणून खोकला दाबून ठेवणे चुकीचे आहे. कफ छातीत साठतो आणि मग येणारी ढास आवरत नाही. ऑपरेशन झाले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी खोलीतल्या खोलीत चालायला लागावे, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पहिल्या आठवड्यात घराच्या गल्लीत, मग रंकाळ्याच्या काठाने सपाटीवर, दमल्यावर बसत बसत चालणे रोज थोडे वाढवावे.

वेदनाशामक गोळ्यांबाबत माझी चूक सांगतो. गोळ्या घेणे म्हणजे कमकुवतपणा, अशी माझी समजूत होती. म्हणून असह्य झाल्यावरच मी गोळी घेत असे. त्यामुळे चालणे टळले, खोल श्वास टळला, आणि तीव्र गोळी घ्यावी लागली तिने पोट बांधले गेले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या साध्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घेतल्या तर पुढच्या तीव्र गोळ्यांची गरज बहुधा पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास ते मात्र आधीच सांगावे, कारण काही वेदनाशामके अशा रुग्णांना चालत नाहीत.

आता बद्धकोष्ठता. हा विषय चारचौघांत बोलण्याचा समजला जात नाही, आणि म्हणूनच हर्नियाच्या रुग्णाचे सर्वांत जास्त हाल इथे होतात. भूल, ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, कमी झालेले पाणी, मंदावलेली हालचाल आणि दुखेल ही भीती, असे सगळे एकत्र येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस शौचालयात कुंथत बसतो. पाच किलोच्या पिशवीला भिणारा हाच माणूस दहा मिनिटे कुंथण्याचे काही वाटून घेत नाही. पहिल्या दिवसापासून पुरेसे पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. रात्री इसबगोल घ्यायचे तर ते पेलाभर पाण्यातच घ्यावे, कोरडे घेतल्यास त्याचा उलटा परिणाम होतो. पपई, पेरू, पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी आहारात ठेवावी. तीन दिवस शौचास झाले नाही तर वाट न पाहता डॉक्टरांकडून सौम्य रेचक लिहून घ्यावे. उकिडवे बसण्याच्या शौचालयातून उठणे सुरुवातीला जड जाते, म्हणून शेजारी भक्कम आधार ठेवावा किंवा कमोड वापरून पायांखाली पाट घ्यावा. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी ज्यांना लघवीसाठीही जोर करावा लागतो, त्यांनी प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी. तो जोरही पोटाच्या भिंतीवरच पडतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. आंबट खाल्ल्याने किंवा भात खाल्ल्याने टाके पिकतात ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, पण तिला आधार नाही. जखम भरायला प्रथिने लागतात, तेव्हा डाळ, अंडी, दूध, मासे किंवा मटण जे पचेल ते खावे. तांबडा रस्सा जखमेला काही करत नाही. ठसका मात्र लावतो आणि शौचाच्या वेळी जळजळ वाढवतो, म्हणून पहिले काही दिवस पांढऱ्यावर भागवावे.

तंबाखूबाबत मात्र सवलत नाही. विडी-सिगारेटने खोकला वाढतो, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पोहोचतो. जखम चिघळण्याची आणि हर्निया पुन्हा उतरण्याची शक्यता दोन्ही वाढतात. मळून खाल्लेला तंबाखू आणि मिश्री यांतही निकोटिन असतेच. निपाणीच्या पानाची सवय असलेल्या आपल्या भागात हे कोणाला आवडत नाही, पण ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर कायम हे बंद असावे. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवणे तितकेच गरजेचे आहे.

वजन किती आणि केव्हा

पोटाच्या आतील दाब कशाने किती वाढतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २० निरोगी तरुणांच्या मूत्राशयात नळी ठेवून मोजण्यात आले. बसलेले असताना तो सुमारे १७ आणि उभे असताना २० मिलिमीटर पारा भरला. सुमारे साडेचार किलोचे वजन उचलताना तो जास्तीत जास्त २५.५ पर्यंतच गेला, तर खोकताना १०८ च्या आसपास आणि उडी मारताना १७१ पर्यंत पोहोचला. दुधाची किटली उचलण्यापेक्षा एक जोरदार खोकला पोटावर कितीतरी जास्त दाब आणतो, आणि तरीही जखम उसवत नाही. आपण वजनाला जेवढे भितो तेवढे भिण्याचे कारण नाही. खोकला, कुंथणे आणि झटका यांना अधिक जपावे, असे माझे मत या आकड्यांमुळेच बनले.

जांघेतील हर्नियाच्या साध्या दुरुस्तीनंतर वेदना सहन होईल त्या बेताने रोजचे व्यवहार लगेच सुरू करावेत, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचेही म्हणणे आहे. टेबलावरचे काम करणारा बहुतेक एक-दोन आठवड्यांत कामावर परततो. अंगमेहनतीचे काम चार ते सहा आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने सुरू करावे. व्रणातील मोठ्या हर्नियानंतर मात्र दोन ते तीन महिने लागतात, कारण पोटाच्या भिंतीचा चिवट पडदा सावकाश भरतो आणि तीन महिन्यांनंतरही त्याला मूळच्या सुमारे ८० टक्केच ताकद आलेली असते.

उचलताना वस्तू अंगालगत घ्यावी, कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, श्वास कोंडून न धरता उचलताना तो सोडत राहावे आणि उचललेल्या ओझ्यासह कंबर पिळू नये. आपल्या भागातील खरी अडचण अशी की इथली ओझी हळूहळू वाढत नाहीत. उसाची मोळी एकदम डोक्यावर घ्यायची असते, गुऱ्हाळातला गुळाचा रवा उचलायचा तर पूर्ण उचलावा लागतो, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले कास्टिंग अर्धे करून देता येत नाही. अशा कामगाराने मुकादमाला किंवा सुपरवायझरला केवळ तोंडी न सांगता डॉक्टरांकडून "अमुक तारखेपर्यंत हलके काम" असे लेखी पत्र घ्यावे. शक्य असल्यास ऑपरेशनची तारीखच गळीत हंगाम संपल्यावर घ्यावी. कारखान्यांचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि ऐन हंगामात ऑपरेशन झालेला तोडणी मजूर विश्रांती घेणार नाही हे सर्वांना ठाऊक असते.

घरातली ओझी कोणी ओझी म्हणून मोजत नाही. गॅसच्या भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट तिचे वजन ३० किलोच्या घरात जाते. पाण्याची घागर, भिजलेल्या चादरींची बादली, कडेवरचे मूल यांचेही तसेच आहे. पुरुषाचे हर्नियाचे ऑपरेशन घरात महिनाभर गाजते आणि बाईचे आठ दिवसांत विसरले जाते, असे मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे. तेव्हा कोणते काम कोण करील याची वाटणी ऑपरेशनच्या आधीच ठरवावी. लहान मुलाला उचलण्याऐवजी आपण बसून त्याला मांडीवर चढू द्यावे.

तालमीत जाणाऱ्यांनी आधी चालणे, मग बैठका, त्यानंतर जोर, असा क्रम ठेवावा आणि झोंबी निदान तीन महिने व शल्यविशारदांच्या संमतीशिवाय करू नये. वजन आणि झटका एकत्र येतात तिथे विशेष सांभाळावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी हे त्याचे चपखल उदाहरण आहे. उंच काठीचा तोल जाऊ लागला की ती सावरताना सगळा जोर पोटावर येतो. ऑपरेशन झालेल्या वर्षी काठी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि आपण गुलाल उधळावा.

काय जाणवते आणि त्याचा अर्थ

जांघेच्या ऑपरेशननंतर वृषणाकडे काळेनिळे पडणे आणि थोडी सूज येणे नेहमीचे आहे. घट्ट चड्डी किंवा लंगोट वापरल्याने आराम पडतो. टाक्याखाली टणक पट्टा हाताला लागतो, तो जखम भरत असल्यामुळे. टाक्याभोवतीची कातडी बधिर वाटणे काही महिने राहते, क्वचित कायमचे राहते, पण त्याने काम अडत नाही. पूर्वी हर्नियाचा फुगा होता त्याच जागी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा मऊ फुगवटा आला की रुग्णाचे धाबे दणाणते. बहुतेक वेळा ते साचलेले पाणी असते आणि दीड-दोन महिन्यांत जिरते. फुगवटा खोकल्यावर मोठा होतो का आणि झोपल्यावर आत जातो का, हे पाहून डॉक्टरांना सांगावे; तो दाबून किंवा शेकून पाहू नये.

पोटपट्ट्याने मोठ्या हर्नियानंतर आधार वाटतो, चालायला धीर येतो, म्हणून काही आठवडे वापरण्यास हरकत नाही. पट्ट्यामुळे हर्निया पुन्हा उतरत नाही असा मात्र पुरावा नाही, आणि वर्षानुवर्षे तो बांधून ठेवल्यास पोटाचे स्नायू आळसावतात. दोन दिवसांनी डॉक्टरांच्या परवानगीने अंगावर पाणी घेऊन आंघोळ करता येते. पंचगंगेत किंवा विहिरीत पोहणे जखम पूर्ण कोरडी होऊन भरल्यावरच. दुचाकीबाबत एकच कसोटी आहे: बंद गाडीवर बसून मागचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून पाहावा, दुखून पाय मागे येत असेल तर अजून वेळ आहे. झोप आणणारी गोळी चालू असताना गाडी मुळीच चालवू नये. शरीरसंबंध वेदना थांबल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, सुरू करण्यास हरकत नसते. हा प्रश्न तपासणीच्या वेळी विचारायला कोणी धजावत नाही, म्हणून तो इथे लिहिला.

केव्हा थांबू नये

ताप येणे, जखम लाल व गरम होऊन पू येणे, पोट फुगून उलट्या होणे आणि वायू सरणेही बंद होणे, लघवी तुंबणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, अचानक धाप लागणे किंवा फुगवटा टणक होऊन असह्य दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची ओपीडी पाहू नये. त्याच वेळी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलावून कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयासारख्या चोवीस तास सुरू असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसऱ्या प्रकारचा त्रास असा गाजावाजा करत येत नाही. ऑपरेशनला तीन महिने उलटूनही जांघेत जळजळ, विजेसारखी चमक किंवा मांडीकडे जाणारी कळ राहत असेल, तर ती दीर्घकाळाची वेदना समजली जाते. जांघेच्या दुरुस्तीनंतर लक्षात घेण्याजोगी अशी वेदना सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना राहते, असे वर उल्लेखिलेल्या २०१८ च्या सूचनांत नमूद आहे. काम अडवणारी तीव्र वेदना त्याहून बरीच कमी जणांना असते. बहुतेकांची वेदना काळाबरोबर ओसरते. तरीही "ऑपरेशन चांगलं झालंय, मग हे मनाचे खेळ असतील" असे म्हणून गप्प बसू नये. मज्जातंतू दुखावला किंवा टाक्यात अडकला असू शकतो आणि त्यावर गोळ्या, त्या जागी देण्याचे इंजेक्शन आणि अगदी गरज पडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. त्यासाठी वेदना-चिकित्सा करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करावी. जाताना ते वहीचे पान आणि कार्डाच्या मागे लिहिलेली चार उत्तरे बरोबर न्यावीत, कोणत्या क्रियेला, कोणत्या आठवड्यापासून, किती गुणांचा त्रास आहे हे समोर असले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कसं वाटतंय?" हा न राहता "वाकताना इथेच दुखतं का?" असा होतो.